आठवी चटई

गेले आठ महिने आमच्या घरातून कचरा बाहेर जात नाही, अशी आमच्या सौभाग्यवतींची तक्रार आहे आणि ती खरी आहे. उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या, संपलेल्या रिफिली, टूथपेस्टची झाकणं, औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पाकिटं, बुटांचे खोके, कुरिअरने आलेले पुठ्ठे आणि जिथे आहेर देऊन जेवून आलो त्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका, हे सारं माझ्या टेबलाखाली जमा होतं. ज्या टेबलावर मी कादंबऱ्या लिहिल्या (त्या किती जणांनी वाचल्या हा प्रश्न वेगळा), त्यावर आता दहा इंच रुंद आणि पंधरा इंच लांब अशी एक खोली उभी आहे. लालबागच्या चाळीतली आमची खोली.

याला कारण आमची नात. चौथीत आहे. एका रविवारी जेवताना तिने विचारलं, "आबा, तुम्ही आठ जण एका खोलीत राहायचात म्हणजे नेमके कुठे राहायचात?" मी तिला तिथेच ताटाशेजारी पाण्याने रेघा ओढून दाखवायला लागलो. इथे दार, इथे कॉट, इथे मोरी. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला काही दिसत नाही. चाळ दाखवायला न्यावं तर ती कधीच पाडली गेली आणि त्या जागी टॉवर आहे. त्याच्या वॉचमनने मला एकदा फाटकावरूनच परत पाठवलं होतं. तेव्हा म्हटलं, बनवूनच दाखवू.

या प्रकाराला इंग्रजीत डायोरामा म्हणतात. हा शब्द चालवला पॅरिसच्या लुई दागेर यांनी. छायाचित्रण शोधून काढणाऱ्यांपैकी एक, तेच हे. १८२२ साली त्यांनी पॅरिसमध्ये एक खेळ सुरू केला. अंधाऱ्या दालनात प्रेक्षक बसवायचे, पुढे भलामोठा रंगवलेला पारदर्शक पडदा, आणि मागून-पुढून प्रकाश कमीजास्त करून त्याच चित्रात दिवसाची रात्र करायची. पुढे संग्रहालयांनी तो शब्द उचलला आणि काचेमागच्या हुबेहूब छोट्या देखाव्यांना तो चिकटला. आपल्याकडे पाहायचे असतील तर भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी जावं. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जाणारं ते संग्रहालय. जुन्या मुंबईतले नाना जातिधर्मांचे, नाना व्यवसायांचे लोक तिथे मातीच्या वीतभर पुतळ्यांच्या रूपाने काचेच्या कपाटात उभे आहेत. लहानपणी राणीच्या बागेत हत्ती पाहून झाला की वडील आम्हाला तिथे नेत. मला हत्तीपेक्षा ते पुतळे आवडत, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

तसं पाहिलं तर मराठी माणसाला हे शिकवायला नकोच. दिवाळीत गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरायचं, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरायची, आणि वसुबारसेपर्यंत अंगठ्याएवढं रान उगवतंय का म्हणून रोज उठून पाहायचं, हा डायोरामा नाही तर काय? फक्त आपल्या किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच असतात आणि पायथ्याशी चालणारी प्लॅस्टिकची मोटार मावळ्यांना भिववत असते. प्रमाणाची फिकीर आपण करत नाही. मला मात्र ती करावी लागली. शेवटी पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस.

प्रमाण ठरवलं एका फुटाला एक इंच, म्हणजे बारास एक. बाहुल्यांच्या घरांसाठी जगभर हेच वापरतात आणि हिशेबालाही सोपं. मग प्रत्येक टाकाऊ वस्तू हातात घेऊन तिला बाराने गुणायचं. टूथपेस्टचं झाकण दीड सेंटिमीटर, बारा पट केलं की अठरा. म्हणजे आमटीचं पातेलं. सोडावॉटरच्या बाटलीचं बूच तीन सेंटिमीटर, म्हणजे परात. कोटाचं बटण जेवणाची ताटली, सदऱ्याचं बटण बशी. रिकामी रिफिल म्हणजे दीड इंची पाण्याचा पाइप. उदबत्तीची काडी खिडकीच्या गजाला इतकी बरोब्बर बसते की ती त्यासाठीच केली असावी. काडेपेटी म्हणजे दोन फुटी पत्र्याची ट्रंक. तिला गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद लावून बोथट पेन्सिलीने कडेकडेने खड्डे पाडले की झालं. एकदा ही गुणाकाराची सवय लागली की सुटत नाही. परवा डॉक्टरांच्या समोर बसून मी त्यांच्या थर्मामीटरच्या टोपणाकडे पाहत होतो, तेव्हा सौ.ने टेबलाखालून पाय दाबला.

फजिती पुष्कळ झाली. पुठ्ठ्याला एकाच बाजूने कागद डकवला की तो वाळताना पापडासारखा वळतो. दोन्ही बाजूंनी डकवावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवावा. वजन म्हणून माझ्याच कादंबऱ्यांच्या शिल्लक प्रती ठेवल्या. त्यांचा इतका चोख उपयोग यापूर्वी झाला नव्हता. गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत माती म्हणून चहाचा चोथा भरला, तो नीट वाळवला नव्हता, तर आठवड्यात तुळशीला पांढरी बुरशी आली. भिंतीचे पोपडे हा सर्वांत अवघड भाग. पोपड्यांशिवाय चाळीची भिंत म्हणजे कुंकवाशिवाय जुनी बाई. रंगाने ते साधेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून अंड्याची टरफलं मागून आणली. पुठ्ठ्याला फेव्हिकॉल लावून त्यावर टरफल पालथं ठेवायचं आणि अंगठ्याने दाबायचं. ते जागच्या जागी तडकतं. वर चुन्यात नीळ घातल्यासारखा फिका रंग दिला आणि एकदोन कपचे नखाने काढले, तर अशी भिंत झाली की मी क्षणभर हात मागे घेतला. आमच्याकडे भिंतीला टेकलं की सदऱ्याला निळं लागायचं आणि आई ओरडायची.

जमिनीला शहाबादी फरशी होती. बुटाच्या खोक्याचा करडा पुठ्ठा कापून ती घातली, फटींत रांगोळी भरली. छताला दिवाळीच्या माळेतला एक पिवळा दिवा. जानेवारीअखेर खोली उभी राहिली आणि मी सामान लावायला घेतलं.

खोलीचं माप मला पाठ होतं, कारण भाडेपावतीवर ते लिहिलेलं असे. दहा बाय पंधरा. पंधरापैकी दहा फुटांवर लाकडी पार्टिशन, आत पाच फुटांचं स्वयंपाकघर. (वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतल्या खोल्या एकशेसाठ चौरस फुटांच्या, म्हणजे आम्ही त्यांच्याहून दहा फुटांनी गरीब.) बाहेरच्या खोलीत एका भिंतीला सहा बाय तीनची कॉट, तिच्यावर आजी. कॉटखाली ट्रंका, तांदळाचा डबा आणि कोळशाचं पोतं. समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट आणि शिवणयंत्र, दोन्ही दीड फूट खोल. आत ओटा, तीन बाय तीनची मोरी, मोरीला लागून पाण्याचं पिंप.

उरली माणसं. मी त्यांचे पुतळे करणार नव्हतो. माणसाचा चेहरा माझ्या बोटांना जमत नाही. पण नातीचा प्रश्न होता, कुठे राहायचात? म्हणून ठरवलं, रात्र दाखवायची. नुसत्या चटया अंथरायच्या. एरवी आठ महिने पुरुषमंडळी गॅलरीत नाहीतर गच्चीवर झोपत. पावसाळ्यात मात्र सगळे आत. म्हणून १९६९ चा जुलै धरला. मी नऊ वर्षांचा.

जुन्या टेबलमॅटच्या काड्या सोडवून दोन इंच रुंदीच्या चटया केल्या. दाराजवळ दोन फूट जागा सोडावीच लागे, कारण रात्री कुणाला ना कुणाला गॅलरीच्या टोकाला जावं लागायचं. मग दारापासून ओळीने काका, दादा, मी आणि वडील. पाय कॉटच्या बाजूला. इथे बाहेरची खोली संपली. आत ओट्यापुढे पिंपाच्या अलीकडे पाच बाय साडेतीनची जागा, त्यात ताई आणि धाकटी अक्का. कॉटवर आजी. सात झाले.

हातात आठवी चटई होती.

बँकेत संध्याकाळी ताळा जमला नाही, तीन रुपयांचा फरक निघाला, तरी रात्री नऊपर्यंत कुणी घरी जात नसे. तीन रुपये कुणीही खिशातून टाकले असते. पण फरक म्हणजे कुठेतरी चूक नोंदली गेली आहे, आणि ती सापडलीच पाहिजे. तशा हट्टाने मी दोन दिवस त्या खोलीशी बसलो. कॉट फिरवून पाहिली. चटया अर्ध्या इंचाने अरुंद केल्या. मोरीसमोर तीन बाय दोनचा तुकडा उरत होता, पण ती पार्टिशनमधून आत जायची वाट. खोलीत आईला आडवं व्हायला जागा नव्हती.

त्याहून वाईट हे की, ती कुठे झोपायची हे मला आठवेना. मी झोपलो तेव्हा ती भांडी घासत असे. जागा झालो तेव्हा ती पाणी भरत असे. मधली नोंदच माझ्या वहीत नव्हती. आईवर मी एक अख्खी कादंबरी लिहिली आहे.

पुण्याला दादाला फोन केला. तो म्हणाला, "कपाट ताईच्या लग्नानंतर घेतलं रे. एकोणसत्तर साली नव्हतंच. तू उगाच जागा अडवली आहेस." मला बरं वाटलं. कपाट काढलं. तीन फूट बाय दीड फूट जागा निघाली. पुन्हा दादाला फोन केला आणि माप सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताईला विचार."

अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाची एक बाई होऊन गेली. शिकागोच्या धनाढ्य घरातली. १९४०च्या दशकात तिने पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी संशयास्पद मृत्यूंच्या खोल्या बनवल्या, याच प्रमाणात, फुटाला इंच. बाहुल्यांचे मोजे ती टाचण्यांवर विणायची. त्यांतल्या अठरा खोल्या बाल्टिमोरला जपून ठेवल्या आहेत. शिकाऊ पोलिसाने खोलीसमोर बसायचं आणि काय घडलं ते शोधायचं. मी हे वाचलं तेव्हा मला तो श्रीमंतांचा छंद वाटला होता.

ताई डोंबिवलीला असते. त्र्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तरी म्हणाली, फोनवर नाही सांगत, येते. रविवारी आली. चष्मा पुसून खूप वेळ खोलीत वाकून पाहत राहिली. शिवणयंत्राचं चाक (जुन्या मनगटी घड्याळातलं) बोटाने फिरवून पाहिलं. मग तिने मोरीसमोरच्या त्या तीन बाय दोनच्या वाटेवर करंगळी ठेवली.

"इथे. पाठ पिंपाला, डोक्याखाली पाट उभा करून. गुडघे पोटाशी. अक्का रात्री उठली की आईला आधी उठावं लागायचं. पाणी चारला यायचं, म्हणजे तशीही फार झोप नसेच."

मी म्हटलं, "चारही महिने?"

"नाही रे. काकांची तिसरी पाळी असली की ती त्यांच्या जागेवर निजायची. दादाच्या शेजारी. तुला नाही आठवत? 'भाऊजी, पाळी कधी बदलते?' म्हणून विचारायची ते?"

ते मला आठवत होतं. गिरणीत पाळ्या आठवड्याने बदलत. तिसरी पाळी रात्री बाराची, काका साडेअकराला निघत. आई हा प्रश्न दर आठवड्याला विचारी आणि मला वाटे, तिला काकांची काळजी आहे. काळजी असेलही. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात काकांच्या डब्यात एक चपाती जास्त असायची, कधी गुळाचा खडा. आम्ही मुलं त्यावरून कुरकुर करायचो.

पावसाचे साधारण सतरा आठवडे. त्यांतले तिसऱ्या पाळीचे पाच-सहा. काका आमच्याकडे अकरा पावसाळे राहिले. हा गुणाकार मी ताईसमोर केला नाही.

सौ.ने आतून आईच्या जुन्या लुगड्याचा काठ आणून दिला. त्याची गोधडी शिवायची होती. टाके मला जमत नव्हते, ते ताईनेच घातले, दोन वेळा उसवून. पाट आइस्क्रीमच्या काडीचा केला. ताई म्हणाली, पाट इतका गुळगुळीत नव्हता, त्याला एक चीर होती. चीर पाडली.

आता नात दर रविवारी येते. सगळं सामान पक्कं चिकटवलेलं आहे, फक्त काकांची चटई आणि ती गोधडी तेवढी मोकळी ठेवली आहे. ती आल्याआल्या चप्पलसुद्धा न काढता टेबलाशी जाते आणि विचारते, "आबा, या आठवड्यात काकांची कुठली पाळी?" मी कॅलेंडरकडे पाहतो आणि तिसरी सांगतो. गेले दोन महिने तिसरीच चालू आहे. परवा तिला संशय आला.