तुपाचा आकडा आणि दुकानदाराची इज्जत

आमचा धंदा कापडाचा. नेवाशाच्या बाजारात गिऱ्हाईक रेशीम मागते, तेव्हा आम्ही काठाचा एक धागा काढून त्याला काडी लावतो. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम. कागद जळाल्याचा वास आला तर सूत. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. काही वर्षांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्याच्या शब्दावर आम्ही ही काडी लावली नाही. माल मिलावटी निघाला. बोंब त्याची नाही, आमची झाली.

तूप, दूध, तेल विकणाऱ्या आपल्या बांधवांपुढे हाच प्रश्न शंभर वर्षांपासून आहे. आणि तिथे काडी लावून भागत नाही. १८६० च्या दंड संहितेत भेसळीला सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होता. पण भेसळीने माल अपायकारक झाला हे सिद्ध करावे लागे. दुधात विहिरीचे चांगले पाणी घातले तर काय करायचे? मुंबई इलाख्यासाठी भेसळ प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा १९२५ साली झाला. आपला नगर जिल्हा त्याच इलाख्यात होता.

कायद्याला पुरावा रसायनशास्त्राने दिला. रायशर्ट याने १८७९ साली लोण्याची कसोटी काढली, माइस्ल याने ती सुधारली. ५ ग्रॅम तुपातील उडून जाणारी आम्ले वाफेबरोबर काढून मोजतात. चांगल्या तुपाचा आकडा तिशीच्या आसपास येतो, खोबरेल तेलाचा सातच्या आसपास, इतर बहुतेक तेलांचा जवळजवळ शून्य. तुपात तेल मिसळले की आकडा खाली येतो.

पण इथे इमानदार माणूसही अडकू शकत होता. सरकी खाणाऱ्या गाई-म्हशींच्या तुपाचा आकडा मुळातच कमी असतो. म्हणून पुढे १९५४ च्या कायद्याखालील नियमांत कपाशीच्या मुलखातील तुपाला वेगळे, कमी प्रमाण ठरवून दिले. जनावराचा चारा पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यावर माणसाला चोर ठरवू नये, हा त्यातला धडा. वनस्पती तुपासाठी दुसरी युक्ती केली. त्यात तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. असे वनस्पती तुपात मिसळले असेल, तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडी साखर घालून हलवताच खालच्या आम्लाला लाल रंग चढतो.

माल टिकवण्यासाठी घातलेल्या औषधांची गोष्ट निराळी. त्या काळी दुधात बोरिक आम्ल किंवा फॉर्मेलिन घालीत. अमेरिकेत १९०२ साली डॉ. हार्वे वायली यांनी बारा तरुणांना जेवणातून टाकणखार देऊन परिणाम तपासले. १९०६ साली तिथे शुद्ध अन्नाचा कायदा झाला. टाकणखार ओळखायला हळदीचा कागद पुरे. पदार्थात थोडे आम्ल घालून कागद बुडवला आणि सुकवला की तो लालसर होतो. आपल्या स्वयंपाकघरातील हळदच साक्षीदार!

१९५४ च्या कायद्याची जागा आता २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घेतली आहे. तो २०११ पासून अमलात आला. त्यात नमुन्याचे चार भाग करतात. दुकानदाराने मागणी केली तर एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. हा हक्क आपल्या किती किराणा दुकानदारांना ठाऊक आहे?

व्यापारी बांधवांना आमची एवढीच विनंती. डबा घ्याल तर पक्के बिल घ्या, बॅच नंबर पाहा, बिल जपून ठेवा. सुटे तूप तोंडी भरवशावर घेऊ नका. दोन रुपये स्वस्त मिळालेला माल वडिलांनी कमावलेले नाव घालवतो. आम्ही ते एका धाग्यावरून शिकलो. तेव्हापासून ओळखीच्या माणसाच्या मालालाही काडी लावतो, आणि त्यात त्याचा अपमान मानत नाही.