शब्दांकन: ओट्यावरचा सनमायका, आणि चिकटवण्याआधीचं काम

या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जे भरभर सांगून गेले ते इथे जरा क्रमाने लावलंय. बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवलीये.

डोंबिवलीच्या आमच्या घरात गॅसचा ओटा ग्रॅनाइटचा आहे. पण समोरच्या भिंतीला प्लायचा एक छोटा ओटा आहे. मिक्सर, डबे, पोळपाट, सगळं त्यावर. लांबी पाच फूट, रुंदी वीस इंच. त्याचा सनमायका पुढच्या कोपऱ्यात उचलला गेला होता, आणि त्या धारेने आईचा हात दोनदा कापला. एवढ्याशा कामाला सुतार यायला तयार नव्हता. मग म्हटलं, आपणच करू.

आधीच सांगून टाकते. पहिला तुकडा मी वाया घालवला. आणि त्याहून मोठी चूक होता होता राहिली. दोन्ही सांगणार आहे.

सनमायका म्हणजे नक्की काय?

सनमायका हे खरं तर एका ब्रँडचं नाव, पण आपल्याकडे लॅमिनेटला सगळे तेच म्हणतात. हा असतो कागदच! खाली तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर, त्यांत फिनॉलिक रेझिन. वर डिझाइनचा कागद, त्यात मेलामाइन रेझिन. हे सगळं उष्णता आणि प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. म्हणून वरून पाणी पडलं तरी काही होत नाही. पण कडेला जी तपकिरी रेघ दिसते ना, तिथून पाणी आत शिरतं आणि खालचा प्लाय फुगतो. आमचा कोपरा तसाच गेला होता. त्यामुळे सिंकच्या ओट्याला हा प्रयोग करू नका. कोरड्या ओट्यालाच करा.

खालचा प्लाय आधी बघा

जुना सनमायका मी पटाशीने हळूहळू सोडवला. मग प्लाय जागोजागी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला. टोक सहज आत गेलं तर प्लाय कुजलाय, तो बदलायलाच हवा. वर नवा सनमायका लावून काही उपयोग नाही. आमचा कोपरा थोडासाच खराब होता. लाकडाचा भुसा आणि पांढरं फेविकॉल कालवून तिथला खड्डा भरला आणि रात्रभर वाळू दिला. सकाळी ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने सगळं घासलं, धूळ पुसली. एक खडा राहिला तरी वरून टेंगूळ दिसतं.

कापताना

शीट येते आठ बाय चार फुटांची. मी साधारण एक मिलिमीटर जाडीची घेतली. तुकडा कापला एकसष्ट इंच बाय एकवीस इंच, म्हणजे चारही बाजूंना अर्धा अर्धा इंच जास्त. हा जास्तीचा भाग नंतर तासायचा असतो. भिंतीच्या बाजूला मात्र नंतर काहीच तासता येत नाही, आणि जुन्या इमारतीची भिंत सरळ कधीच नसते. म्हणून तुकडा भिंतीला टेकवून पेन्सिलने भिंतीचा आकार उतरवून घेतला आणि ती कड आधीच कानसून बसवली.

कापायला लॅमिनेट कटर मिळतो. डिझाइनच्या बाजूने लोखंडी पट्टी धरून पाच-सहा वेळा खोल रेघ मारायची. मग पट्टी घट्ट दाबून मोकळा भाग वर उचलायचा, रेघेवर तुकडा पडतो.

आधी पुढच्या आणि बाजूच्या कडांच्या पट्ट्या लावा आणि वर सपाट तासा. नंतर वरचा तुकडा. म्हणजे वरचा तुकडा कडेच्या पट्टीवर येतो आणि सांडलेलं पाणी सांध्यात उभं राहत नाही.

गोंद आणि चहा

सुतार बरेचदा पांढरं फेविकॉल वापरतात. त्यात तुकडा सरकवायला वेळ मिळतो, पण मग रात्रभर सगळीकडे सारखं वजन ठेवावं लागतं. माझ्याकडे तेवढं वजन नव्हतं, म्हणून मी रबरवालं घेतलं. ते प्लायलाही लावायचं आणि सनमायकाच्या पाठीलाही, दातेरी पट्टीने, पातळ. मग थांबायचं, डब्यावर लिहिलंय तेवढं. माझं पंधरा-वीस मिनिटांत झालं. बोटाची मागची बाजू टेकवली आणि चिकटली नाही, की तयार. भर पावसात हे काम नको. हवेतली ओल गोंदावर बसते आणि पकड जाते.

आता ती मोठी चूक. गोंद पसरून मी वाट बघत बसले होते आणि आई आत आली. "चहा टाकू का गं?" तिचा हात लायटरवर होता. मी ओरडलेच! या गोंदातल्या द्रावकाची वाफ पेटते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते. मी खिडक्या उघडल्या होत्या, पण सिलेंडरचा रेग्युलेटर बंद केला नव्हता, आणि देवघरात निरांजन तेवत होतं. मी आईला काही सांगितलंच नव्हतं. तिची काही चूक नव्हती.

म्हणून, डबा उघडण्याआधी रेग्युलेटर बंद, देवघरातला दिवा शांत, फ्रिजचा प्लग काढलेला, आणि काम संपून वास जाईपर्यंत स्विचला हात नाही. घरातल्या प्रत्येकाला तसं सांगायचं. कामवाल्या मावशींनाही.

एकदाच संधी

त्या गडबडीनंतर मी घाईघाईत तुकडा थेट टेकवला. एक कोपरा तिरका बसला. ओढून काढायला गेले आणि तुकडा तडकला. दोन गोंदलेले पृष्ठभाग टेकले की सुटत नाहीत. सरकवणं नाहीच.

नशिबाने चार फुटांच्या रुंदीत एकवीस इंचांचे दोन तुकडे निघाले होते. तडकलेला सोलून काढला, प्लाय पुन्हा घासला आणि दुसऱ्या दिवशी सगळं परत. या वेळी वाळलेल्या गोंदावर वीतभर अंतराने गुळगुळीत लाकडी काठ्या आडव्या ठेवल्या आणि त्यांच्यावर तुकडा. भिंतीशी नीट जुळवला, मग मधली काठी काढून तिथे दाबला. मग एकेक काठी बाहेरच्या दिशेने. रोलर नव्हता, लाटण्याला फडकं गुंडाळून मधून कडेकडे जोर लावून फिरवलं. हवेचा एकही फुगा राहिला नाही.

जास्तीची कड कानशीने तासली. कानस खाली ढकलतानाच दाबायची, वर ओढताना नाही, नाहीतर कपच्या उडतात. भिंतीजवळच्या फटीत सिलिकॉन भरलं.

गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवू नका, सनमायका फुगतो. आमच्याकडे आता तिथे कायम एक चुंबळ असते.

काम खरं दोन दिवसांचं, त्यात चिकटवणं पाच मिनिटांचं. बाकी सगळं त्या पाच मिनिटांची तयारी. आई आता काही करायच्या आधी विचारते, "आज गॅस पेटवू ना गं?" चेष्टा करते, पण विचारते.

भेटू पुढच्या भागात.