एकाच वेळी तीन पोप!

चर्चच्या इतिहासातलं माझं सर्वांत आवडतं भांडण. १३७८ मध्ये कार्डिनलांनी रोममध्ये सहाव्या अर्बनला पोप निवडलं. स्वारी भलतीच तापट निघाली! काही महिन्यांतच त्याच कार्डिनलांतल्या बहुतेकांनी ‘निवड जमावाच्या धाकाने झाली’ म्हणत दुसरा पोप उभा केला. तो फ्रान्सच्या आश्रयाने अविन्योंला जाऊन बसला. इंग्लंड रोमकडे, म्हणून की काय, स्कॉटलंड अविन्योंकडे. १४०९ मध्ये पिसाच्या परिषदेने तोडगा म्हणून नवाच पोप निवडला, पण आधीचे दोघे हटेनात. झाले तीन! अखेर कॉन्स्टन्सच्या परिषदेत एकाने राजीनामा दिला, दोघांना पदच्युत केलं गेलं आणि १४१७ मध्ये पाचवा मार्टिन निवडला गेला. पदच्युत झालेल्यांपैकी अविन्योंच्या गादीचा तेरावा बेनेडिक्ट मात्र स्पेनमधल्या पेनिस्कोलाच्या किल्ल्यातून मरेपर्यंत स्वतःला पोपच म्हणवत होता.