विमानतळापासून शहरापर्यंत

दूरदेशी जावयाचे म्हटले, की मनुष्याला चिंता वाटते ती मोठ्या टप्प्याची. विमानाचे तिकीट मिळेल की नाही, विमान वेळेवर सुटेल की नाही, याचाच विचार तो करीत असतो. विमान एकदा जमिनीस टेकले, की प्रवास संपला असे त्यास वाटते. परंतु खरी परीक्षा पुष्कळदा त्यानंतरच सुरू होते. हजार कोस सुखाने पार केलेला प्रवासी शेवटच्या चार कोसांत गोंधळून जातो.

समजा, आसामातील एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलास बरोबर घेऊन मुंबईस येत आहेत. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांना दुपारी बारा वाजता डॉक्टरांची भेट घ्यावयाची आहे. गुवाहाटीपासूनचा सुमारे दोन हजार किलोमीटरांचा प्रवास विमानाने साडेतीन तासांच्या आत संपविला. सकाळी नऊ वाजता दोघे विमानतळाच्या दाराबाहेर आले. हातात तपासणीच्या कागदांची पिशवी, खांद्यावर सामान, कानांवर पडणारी भाषा अनोळखी. येथून परळ अवघे पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु तेथे पोहोचावे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी मुंबईचा विमानतळ आहे तेथे का आहे, हे पाहणे उचित होईल. मुंबईचे पहिले विमानतळ १९२८ साली जुहू येथे सुरू झाले. १९३२ च्या ऑक्टोबर महिन्यात जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन आपले लहानसे विमान येथेच उतरविले. परंतु समुद्राकाठच्या त्या सखल जागेत पावसाळ्यात चिखल होई आणि विमानांची ये-जा कठीण होऊन बसे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलकी विमानांचा व्यवहार जुहूहून जवळच्याच सांताक्रूझ येथे गेला. पुढे १९८१ साली त्याच तळाच्या पूर्वेकडील सहार येथे परदेशी प्रवासासाठी नवी इमारत उभी राहिली. आज या सर्व विमानतळास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे.

विमानतळाला मोठी मोकळी जागा लागते. म्हणून तो शहराबाहेर बांधला जातो. सांताक्रूझचा तळही मूळ मुंबई शहराबाहेरच होता. परंतु शहर स्वस्थ बसत नाही. वस्ती उत्तरेकडे वाढत गेली आणि पाहता पाहता तिने विमानतळास चहूबाजूंनी वेढले. त्यामुळे मुंबईस येणारा पाहुणा शहराच्या वेशीवर उतरत नाही, तो भर गर्दीच्या मध्यभागीच उतरतो.

मुंबईच्या भूमीची ठेवणही ध्यानात घेतली पाहिजे. हे शहर दक्षिणोत्तर लांब आणि पूर्वपश्चिम अरुंद आहे. जुनी मुंबई म्हणजे एकमेकांस जोडलेली सात बेटे. तिच्या आणि उपनगरांच्या मध्ये माहीमची खाडी आहे. १८४५ साली लेडी जमशेटजी यांच्या उदार देणगीतून या खाडीवर रस्ता झाला. आजही उपनगरांतून दक्षिणेस जाणाऱ्या वाहनांस माहीम किंवा शीव यांसारख्या मोजक्याच ठिकाणांहून पलीकडे जावे लागते. सुरईत पाणी कितीही असले तरी ते तिच्या अरुंद मानेतूनच बाहेर पडते. तशीच ही गत आहे. २००९ साली वांद्रे आणि वरळी यांना जोडणारा सागरी सेतू खुला झाल्याने एक नवी वाट मिळाली. तथापि तेथे पथकर द्यावा लागतो.

आता आपल्या पाहुण्यांपुढे असलेले मार्ग पाहू.

पहिला मार्ग टॅक्सीचा. सामान उचलावे लागत नाही आणि वाहन थेट दारात नेऊन सोडते, हा तिचा मोठा गुण होय. काळ्या-पिवळ्या टॅक्सीस मीटर असतो आणि तिचे दर सरकार ठरवून देते. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत हे भाडे पावपट अधिक असते. विमानतळावर भाडे आगाऊ भरून पावती घेण्याचीही सोय आहे. नवख्या प्रवाशाने अशी पावती घ्यावी किंवा मीटर सुरू झाला आहे की नाही हे पाहावे. दाराशी येऊन सामानास हात घालणाऱ्या अनोळखी माणसाच्या मागे जाऊ नये. रिक्षा टॅक्सीहून स्वस्त खरी. परंतु माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेस रिक्षांना परवानगी नाही. अंधेरी किंवा पार्ले येथे जाणाऱ्यास ती उपयोगी, परळला जाणाऱ्यास नव्हे.

दुसरा मार्ग उपनगरी आगगाडीचा. विलेपार्ले आणि अंधेरी ही पश्चिम रेल्वेची स्थानके विमानतळापासून फार दूर नाहीत. तेथवर रिक्षाने जाऊन लोकल पकडता येते. हा प्रवास अतिशय स्वस्त. परंतु सकाळच्या गर्दीत सामानासह डब्यात शिरणे धट्ट्याकट्ट्या माणसासही जड जाते. आजारी वृद्धाने त्या वेळी हे साहस न करणेच शहाणपणाचे.

तिसरा मार्ग भुयारी मेट्रोचा. आरेपासून कफ परेडपर्यंत जाणारी सुमारे ३३ किलोमीटर लांबीची ही मार्गिका २०२४ च्या ऑक्टोबरात अंशतः सुरू झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण झाली. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांजवळ तिची स्थानके आहेत. वर रस्त्यावर वाहने खोळंबलेली असतात. त्याच वेळी खाली ही गाडी ठरलेल्या गतीने धावत असते. ज्या मिठी नदीचा प्रवाह विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहतो, तिच्याच पात्राखालून पुढे मेट्रो धारावीकडे जाते. मात्र रात्री उशिरा ती बंद असते, हे विसरता कामा नये.

मग त्या पितापुत्रांनी काय करावे? वडिलांना थोडे चालणे शक्य असेल, तर मेट्रोने दादरपर्यंत यावे आणि तेथून टॅक्सी करावी. चालणे अशक्य असेल, तर विमानतळावरूनच टॅक्सी घ्यावी आणि वाटेतील खोळंब्यासाठी हाताशी वेळ राखावा. नऊ वाजता निघून बारा वाजता पोहोचावयाचे असल्याने दोन्ही मार्ग शक्य आहेत. हीच भेट दहा वाजता असती, तर आदल्या दिवशी येणे हाच योग्य मार्ग ठरला असता.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. नगरातील अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही, ते घड्याळाने मोजावे लागते. पहाटे अर्ध्या तासात संपणारी वाट सायंकाळी दोन तास घेते. म्हणून परत जाताना उलट्या क्रमाने हिशेब करावा. परदेशी जाणाऱ्याने विमानाच्या वेळेपूर्वी तीन तास आणि देशातल्या देशात जाणाऱ्याने दोन तास आधी विमानतळावर असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याच्याही आधी वाटेचा वेळ धरावा आणि त्यात आकस्मिक अडचणीसाठी आणखी थोडी भर घालावी. आपले विमान कोणत्या टर्मिनलवरून सुटणार, हेही घरूनच पाहून निघावे. कारण दोन टर्मिनलांमध्ये रस्त्याने काही किलोमीटरांचे अंतर आहे. पावसाळ्यात तर अधिकच सावध असावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; त्या दिवशी रस्ते, रेल्वे आणि विमानतळ ही सारीच ठप्प झाली होती. असा दिवस विरळा. पण वाटेत पाणी साचून उशीर होणे विरळा नाही.

विमानतळ हा नगराचा उंबरठा होय. घरात पाऊल टाकताना जसे स्वागत होते, तसे घर पाहुण्याच्या स्मरणात राहते. उंच इमारती आणि झळाळते दिवे पाहुणा पुढे पाहीलच. परंतु त्याची पहिली ओळख होते ती वाट सांगणाऱ्या माणसाशी. एखाद्या मुलाने त्या वृद्धास मेट्रोचा जिना दाखविला, एखाद्या टॅक्सीवाल्याने योग्य तेच भाडे घेऊन त्यांना रुग्णालयाच्या नेमक्या दाराशी उतरविले, तर त्यांचा निम्मा भार तेथेच हलका होतो. रस्ते, पूल आणि भुयारे बांधण्याचे काम स्थापत्यविशारदांचे. अनोळखी माणसास खरी वाट सांगण्याचे काम मात्र त्या नगरात राहणाऱ्या प्रत्येकाचे आहे.