सारख्या कृमींतील भेद व रेणवीय निदान

सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा या भागांतील माळरानांवर दख्खनी मेंढ्या पाळल्या जातात. पीक निघाल्यावर शेतात मेंढ्या बसविण्याची चाल असल्यामुळे मेंढ्या व गुरे बहुधा एकाच रानात चरतात. या सहवासातून परोपजीवीशास्त्राचा एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो.

मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषणारा कृमी म्हणजे हीमाँकस कंटॉर्टस. एक कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. म्हणजे दोन हजार कृमी असल्यास मेंढीचे रोज १०० मिलिलिटर रक्त जाते. जबड्याखाली सूज येते व अखेरीस मेंढी दगावते. गुरांत मुख्यतः याच वंशातील हीमाँकस प्लेसी ही जाती आढळते. तथापि दोन्ही जाती परस्परांच्या यजमानांतही राहू शकतात. गुरांत केवळ प्लेसी असेल, तर गुरे गवतावरील कंटॉर्टसच्या अळ्या गिळून रान काही अंशी शुद्ध करतात. परंतु गुरांतही कंटॉर्टस वाढत असेल, तर मेंढ्यांना औषध पाजूनही तेच रान त्यांना पुन्हा बाधा देत राहते.

हा निर्णय सूक्ष्मदर्शकाने होणे कठीण. शेणातील व लेंडीतील अंडी दिसण्यात सारखीच असतात. प्रौढ नराच्या संभोगकंटकांची मापे घ्यावीत, तर जनावर मेल्यावाचून कृमी हाती येत नाहीत, आणि मापेही काही अंशी परस्परांत मिसळतात.

येथे डीएनए साहाय्यास येतो. रायबोसोमी जनुकांमधील ‘आयटीएस-२’ हा खंड या दोन्ही जातींत २३१ न्यूक्लिओटाइडांचा असून त्यांपैकी तीनच स्थानी त्यांच्यात कायम भेद आहे, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. अंड्यांपासून वाढविलेल्या एकाच अळीतून हा खंड पॉलिमरेज शृंखला-अभिक्रियेने बहुगुणित करून त्याचा क्रम वाचता येतो. तीनही स्थानी दोन्ही जातींची चिन्हे एकत्र आढळल्यास संकराची शंका घ्यावी.

मात्र जाती ओळखली म्हणजे औषध लागू पडेलच असे नव्हे. बेंझिमिडॅझोल औषधांना होणारा प्रतिरोध बीटा-ट्यूब्युलिन या निराळ्या जनुकात शोधावा लागतो. यास्तव कळपास वारंवार औषध पाजण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्याच रानातील मेंढ्यांच्या लेंड्या व गुरांचे शेण, दोन्ही तपासणे हितावह होय. मेंढपाळाचा पैसा व औषधाचा गुण, दोन्ही त्याने वाचतात.