नेट नाही? मग निरोप चालत जाईल!

नेट गेलं की आपण फोन उंच धरून घरभर फेऱ्या मारतो. पण नेटशिवायही निरोप जातो, फाइलही जाते. अटी हरकाऱ्यांच्या काळातल्याच: निरोप पोचला पाहिजे, आणि वाटेत कुणी लखोटा फोडता कामा नये.

पंखांचा ब्रॉडबँड
२००९ साली दक्षिण आफ्रिकेत विन्स्टन नावाचं कबुतर ४ जीबीचं कार्ड घेऊन उडालं. ८० किलोमीटर, साधारण सव्वा तास. कार्डातला डेटा कॉम्प्युटरवर उतरेपर्यंत एकूण दोन तास झाले. तेवढ्या वेळात ब्रॉडबँडवरून तोच डेटा जेमतेम ४ टक्के पोचला होता!

सगळेच विन्स्टन नसतात
१ एप्रिल १९९० रोजी कबुतरांकरवी इंटरनेट चालवण्याची नियमावली निघाली. अर्थात एप्रिल फूल! पण २००१ मध्ये नॉर्वेच्या बर्गेन शहरातल्या लिनक्सवेड्यांनी ती खरोखर राबवली. डेटाची नऊ पॅकेटं सोडली, उत्तरं आली चार. त्यातलं सर्वांत चपळ उत्तर ५३ मिनिटांनी.

बस आली, डाक आली
कर्नाटकातल्या दोड्डबळ्ळापूर भागात 'डाकनेट'चा प्रयोग झाला. बसवर वाय-फायचं यंत्र. बस गावात शिरली की तिथल्या केंद्रातला डेटा उचलायची, शहरात गेली की उतरवायची. नेट गावात नव्हतं, पण बसच्या वेळापत्रकाने यायचं.

आठवड्याचा रतीब
क्युबात इंटरनेट दुर्मीळ आणि महाग होतं, तेव्हा 'एल पाकेते' हे पार्सल घरोघर फिरू लागलं. दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइट सिनेमे, मालिका, अ‍ॅप्स, छोट्या जाहिरातीसुद्धा! सगळं हार्ड डिस्कवरून, हातोहात.

भिंतीला फुटलेला पेनड्राइव्ह
२०१० मध्ये आराम बार्थोल या कलाकाराने न्यूयॉर्कच्या भिंतींत पेनड्राइव्ह चिणले. लॅपटॉप भिंतीला लावा, फाइल ठेवा, फाइल घ्या. व्हायरस मिळाला तर तोही फुकट.

गर्दी वाढली? उत्तम!
जत्रेत मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं. ब्लूटूथच्या 'मेश'चं उलटं आहे: जितके फोन जवळजवळ, तितकी साखळी भक्कम. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी जुलै २०२५ मध्ये आणलेल्या 'बिटचॅट' या अ‍ॅपमध्ये मेसेज या फोनावरून त्या फोनावर अशा सात उड्या मारू शकतो. मधल्या फोनाने खासगी मेसेज नुसता पुढे ढकलायचा, वाचायचा नाही.

लखोटा फुटला तो इथे
२०१९ च्या हाँगकाँग आंदोलनात 'ब्रिजफाय' हे असंच ब्लूटूथ-मेशचं अ‍ॅप गाजलं. २०२० मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी दाखवलं की त्यावरचे मेसेज वाचता येतात, कोण कुणाशी बोलतं ते कळतं आणि एकाच खोडसाळ मेसेजने अख्खं जाळं आडवं पाडता येतं. पुढे कंपनीने 'सिग्नल' या मेसेजिंग अ‍ॅपची कूटपद्धत घेतली. नेट नाही म्हणजे चोर नाही, असं थोडंच आहे?

आधी भेट, मग गप्पा
'ब्रायर' या अ‍ॅपमध्ये समोरासमोर एकमेकांचे क्यूआर कोड स्कॅन करून ओळख पक्की करता येते. तोतयाला शिरकाव कठीण. मेसेज ब्लूटूथने, वाय-फायने, नाहीतर चक्क मेमरी कार्डावरूनही जातात.

'नमस्कार' महाग आहे
'मेशटॅस्टिक'ची छोटी रेडिओयंत्रं सिमकार्डाशिवाय डोंगरदऱ्यांत बोलतात. एका टप्प्यात ३३१ किलोमीटरचा विक्रमही झाला आहे. पण एका मेसेजात मावतात साधारण दोनशे बाइट. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला लागतात तीन, म्हणजे नुसत्या 'नमस्कार'ला एकवीस! रोमन लिपीत तोच आठांत उरकतो. तेव्हा या यंत्रावर मराठीत लिहायचं तर तारेची जुनी सवय बरी: आधी शब्द मोजा, मग पाठवा. क्षेमकुशल भेटीअंती.