खांदा नेमका कुठे अडतो?

फळीवरचा डबा काढताना कळ येते, वेणी घालायला हात मागे जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. एवढं ऐकलं की घरोघरी एकच निदान होतं: ‘फ्रोझन शोल्डर’. मग मालीश, शेक आणि दुखणं सोसून केलेली ओढाताण सुरू होते. पण खांद्याची दुखणी अनेक प्रकारची असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरू शकतो.

दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि तो जिथे बसतो ती खोबण बशीसारखी उथळ. म्हणून हात जवळजवळ सगळ्या दिशांना फिरतो; पण सांधा जागेवर धरण्याची जबाबदारी खोबणीची कूर्चेची कड, सांध्याची पिशवी आणि ‘रोटेटर कफ’च्या चार स्नायूंच्या कंडरा यांच्यावर पडते. इजाही बहुधा यांनाच होते.

निदानाची मोलाची तपासणी यंत्राशिवाय होते. डॉक्टर आधी रुग्णाला हात उचलायला सांगतात, मग तोच हात स्वतः धरून हलवतात. कंडरा मोठी फाटली असेल तर रुग्णाला हात उचलवत नाही, डॉक्टरांनी उचलला तर मात्र बहुधा वर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये पिशवीच आवळलेली असते, त्यामुळे हात दोन्ही वेळा अडतो. सांध्याच्या झिजेतही असंच होतं, म्हणून एक्स-रे काढतात. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांदरम्यानच कळ आली, तर संशय कंडरांवर जातो.

फ्रोझन शोल्डर मधुमेहींमध्ये अधिक आढळतो. तेव्हा रक्तातली साखर तपासायलाच हवी. दुखणं तीव्र असताना हलके व्यायाम आणि गरज पडल्यास सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन उपयोगी पडतं. खांदा मोकळा व्हायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

कंडरांच्या दुखण्यात पहिला उपचार फिजिओथेरपी. वय वाढेल तसे एमआरआयमध्ये अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही कंडरा फाटलेल्या दिसतात. त्यामुळे केवळ अहवाल पाहून शस्त्रक्रिया ठरवू नये. कंडरेवरचं हाड घासून जागा करण्याची शस्त्रक्रिया दिखाऊ शस्त्रक्रियेपेक्षा म्हणण्याजोगी सरस ठरली नाही, हे २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, तर मात्र लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. ताजी फाटलेली कंडरा वेळेत शिवणं सोपं जातं.

कबड्डीच्या मैदानावर खांदा निखळला तर तिथेच ओढून बसवू नये. हाड मोडलेलं असू शकतं, शीर दुखावलेली असू शकते. हात झोळीत बांधून रुग्णालय गाठावं. विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूंमध्ये तो पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते, कारण खोबणीची कड सुटलेली असते. ब्रिटिश शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३मध्ये तिच्याकडे लक्ष वेधलं. आज ती दुर्बिणीतून पुन्हा जोडता येते.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा: माझ्या खांद्यातलं नेमकं काय दुखावलंय? व्यायाम, इंजेक्शन की शस्त्रक्रिया, हे त्या उत्तरावरच ठरायला हवं.